‘अणी’ : अर्थ व प्रयोग

शस्त्र कापते अथवा भोसकते. कापते ती धार, भोसकते ती अणी. विळीच्या पात्याला धार लागते. सुईला अणी असते, धार नसते. तलवारीला दोन्ही असतात. भेद इतका उघड असूनही ‘अणी म्हणजे धार’ असा अर्थ विद्यार्थी सर्रास देतात, म्हणून हे टिपण.

‘टोक’ हाही तिचा पुरता पर्याय नव्हे. टोक दोरीला असते, गल्लीलाही असते. अणी मात्र जे रुतू शकते त्यालाच : भाल्याची अणी, बाणाची अणी, काट्याची अणी. दोरीची अणी कोणी म्हणणार नाही.

ऋग्वेदात (१.३५.६) ‘आणि’ म्हणजे चाक निसटू नये म्हणून रथाच्या आसात बसविलेली खीळ. पुढे संस्कृतात ‘अणि’, ‘अणी’ ह्या रूपांना अणकुचीदार टोकाचा अर्थ आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात सापडते. मांडव्य ऋषीच्या आश्रमात चोरांनी माल दडविला. चोरांबरोबर ऋषीलाही सुळावर चढविले गेले. तो मेला नाही. चूक उमगल्यावर राजाने सूळ उपटू पाहिला. तो निघेना, तेव्हा बुडाशी तोडला. आतले टोक शरीरात तसेच घेऊन ऋषी वावरू लागला व ‘अणीमांडव्य’ म्हणून ओळखला गेला. बालपणी त्याने किड्यांना गवताची काडी टोचली होती, तिचे हे फळ असे धर्माने सांगितले. अपराध टोचण्याचा, शिक्षाही टोचण्याचीच. येथे अणीचा अर्थ धार केला तर नावच निरर्थक ठरते. धार शरीरात राहत नाही, राहते ते टोक.

अलंकारिक प्रयोगांतही हा भेद पाळला जातो. बुद्धी कुशाग्र, म्हणजे दर्भाच्या टोकासारखी; ती शिरते. व्रत असिधारेचे, त्यावर तोल सांभाळून चालावयाचे असते. ही विशेषणे परस्परांत बदलून पाहावीत, म्हणजे चूक कानालाच कळते.

उभयान्वयी ‘आणि’ ह्या कुळातला नव्हे. त्याचे मूळ ‘अन्य’ शब्दात आहे.

बैल हाकण्याच्या पराणीच्या टोकाला मात्र शेतकरी अणी म्हणत नाही. त्या लोखंडी खिळ्याला तो ‘आर’ म्हणतो. ‘आरा’ हा शब्दही ऋग्वेदात (६.५३) पूषन्‌च्या हातातील टोचणीसाठी आला आहे, ‘आणि’चा अर्थ आसापासून दूर सरकला, ‘आर’ अजून टोचण्याच्याच कामावर आहे.