आधी हात, मग बाळ

निपाणीच्या गल्लीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई बाळ रडलं की तशीच उठते. विडी न ओढताही तिचं डोकं का गरगरतं? तेंदूचं पान भिजवलेलं असतं, बोटंही ओलसर. विडीतल्या तंबाखूचं निकोटिन पाण्यात साखरेसारखं विरघळतं आणि ओल्या कातडीतून रक्तात झिरपतं. भुकटी श्वासावाटे जाते ती वेगळीच. दवात भिजलेला तंबाखू खुडणाऱ्यांनाही कातडीच्या याच वाटेनं मळमळतं, उलट्या होतात. रक्तातलं निकोटिन पुढं आईच्या दुधातही उतरतं.

पदर नाकाला बांधला तर भुकटी थोडीफार अडते, बोटांची ओल नाही. त्याला साबणच हवा, आणि धूळ बसलेलं लुगडंही बदलायला हवं. तेवढी पाच मिनिटं बाळ रडेल. रडू द्या, वहिनी. आधी हात धुवा.