लोकलमधून पडलेल्यांच्या दाव्यांची तीस वर्षे

गर्दीच्या लोकलमधून माणूस पडला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘दारात लटकत होता ना?’ फलाटावरचे बघे तेच विचारतात, पोलीस तेच विचारतात आणि दावा दाखल झाला की रेल्वेचे वकीलही तेच विचारतात. कायद्याने मात्र गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाला फारसे महत्त्व उरू दिलेले नाही.

१९८९च्या रेल्वे कायद्यात सुरुवातीला भरपाई होती ती टक्कर किंवा गाडी रुळांवरून घसरणे अशा अपघातांपुरती. डब्यातून एकटा प्रवासी पडला तर रेल्वेचा निष्काळजीपणा त्यानेच सिद्ध करायचा. खच्चून भरलेल्या डब्यात कोणाचा धक्का लागला हे सांगणार कोण? १ ऑगस्ट १९९४पासून कलम १२४-अ लागू झाले. गाडीतून अपघाताने पडणाऱ्या प्रवाशाला रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई मिळू लागली. अपवाद मोजके: आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेडाचा भर आणि नैसर्गिक आजार.

रेल्वेच्या वकिलांनी ‘स्वतःहून करून घेतलेली इजा’ हा अपवाद घट्ट धरला. दारात उभा राहिला, चालत्या गाडीत चढला, म्हणजे इजा त्यानेच ओढवून घेतली, असा हा युक्तिवाद. तो मोडून काढायला सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल लागले. २००८च्या प्रभाकरन विजयकुमार खटल्यात चालत्या गाडीत चढताना पडलेल्या प्रवाशालाही या कलमाचे संरक्षण मिळाले. २०१०च्या जमीला खटल्यात न्यायालयाने सांगितले, की उघड्या दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असेल, गुन्हा नव्हे. २०१८च्या रीना देवी निकालाने तिकिटाचा घोळही सोडवला. अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर हकिकत मांडली की पुढे खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेची. दरम्यान १ जानेवारी २०१७पासून मृत्यूची भरपाई चार लाखांवरून आठ लाख झाली. दोन्ही हात गमावणाऱ्यालाही तेवढीच रक्कम मिळते.

कागदावरचा हा कायदा माणसापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे मुंबईतल्या एका खटल्यात दिसते. २०११मध्ये एक ज्येष्ठ नागरिक दादरला लोकलमधून पडले. डोक्याला आणि पायाला मार लागला. चालत्या गाडीत चढायला गेले, असे रेल्वेचे म्हणणे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाने २०१३मध्ये दावा फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून ३ लाख १० हजार रुपये मंजूर केले, ते २०२२मध्ये. मुंबईकर ही जोखीम हौसेने नव्हे, रोजच्या गरजेपोटी घेतो, हे न्यायालयाने मान्य केले.

आजचे दावे अडतात ते पुराव्यावर. जखमी माणूस रुळांशेजारी सापडतो आणि ‘रूळ ओलांडताना’ अशी नोंद झाली की तो प्रवासीच उरत नाही. म्हणून वकिलाचे निम्मे काम कोर्टाबाहेरचे असते: स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, इस्पितळातली पहिली नोंद, तिकीट किंवा पास आणि सहप्रवाशाचा जबाब मिळवणे. इस्पितळाच्या केसपेपरवर ‘गाडीतून पडून’ हे दोन शब्द आहेत की नाहीत, यावर पुढची काही वर्षे ठरतात.

९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. त्यानंतर रेल्वेने स्वयंचलित दारांची घोषणा केली. ती सगळ्या गाड्यांना लागेपर्यंत दावे येतच राहणार.

ज्यांच्या घरावर ही वेळ येईल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. दावा घटनेपासून एका वर्षाच्या आत दाखल करायचा असतो. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे, तेव्हा इस्पितळाच्या दारात ‘अर्धे-अर्धे’ म्हणणाऱ्या दलालाला सरळ वाटेला लावा. महिलांना, अपंगांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तो मागून घ्या.