प्लग का तापतो?

दिल्लीच्या दक्षिण भागात मुनिरका नावाचे जुने गाव आहे. शहर वाढत गेले आणि त्याने या गावास चहूंबाजूंनी वेढून टाकले. आज तेथील गल्ल्या अरुंद आहेत, घरांवर मजल्यामागून मजले चढलेले आहेत आणि जवळच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अनेक विद्यार्थी तेथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत अशा खोलीत विजेची शेगडी, म्हणजेच हीटर, लावला जातो. शेगडी तापावी हे योग्यच. परंतु कधी कधी तिचा प्लगही हाताला ऊन लागतो. तो का तापतो आणि त्याची चिंता करावी काय, याचे उत्तर केवळ दोन मापांतून मिळू शकते.

ही दोन मापे म्हणजे विद्युद्दाब व विद्युत्प्रवाह. दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकविणारे गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ साली आपल्या ग्रंथात या दोहोंचा संबंध मांडला. दाबास प्रवाहाने भागले असता तारेचा रोध मिळतो. तो त्यांच्याच नावाने, ओहममध्ये, सांगतात. त्याच दाबास प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. तिचे एकक वॅट. एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढेच हे गणित आहे. पंखा किंवा पंप यांसारख्या, चलित्र असलेल्या साधनांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही. शेगडीला मात्र पडते.

आता एक उदाहरण घेऊ. घराच्या मुख्य फळ्यावर दाब २३० व्होल्ट आहे. शेगडी चालू असताना तिच्या दोन टोकांमधील दाब मोजला तो भरला २१६ व्होल्ट, आणि प्रवाह ८ अँपिअर. २१६ ला ८ ने भागले की शेगडीचा रोध २७ ओहम येतो; गुणले की तिची शक्ती १,७२८ वॅट. येथपर्यंत सर्व ठीक दिसते. परंतु उरलेले १४ व्होल्ट कोठे गेले? ते फळा आणि शेगडी यांमधील वाटेवर खर्च झाले. त्या वाटेचा रोध १४ भागिले ८, म्हणजे १.७५ ओहम, आणि तेथे उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती १४ गुणिले ८, म्हणजे ११२ वॅट.

एवढा रोध तारेचा असू शकेल काय? २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. फळ्यापासून शेगडीपर्यंत २० मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन ४० मीटर तार लागते. तिचा रोध जेमतेम ०.३ ओहम. बाकीचे १.४५ ओहम कोठल्या तरी सैल जोडात, गंजलेल्या पट्टीत किंवा ढिल्या प्लगमध्ये दडलेले असले पाहिजेत. तेथे सुमारे ९३ वॅट उष्णता निर्माण होते. ९३ वॅट उष्णता चाळीस मीटर तारेवर पसरली तर ती तार जरा कोमट होईल. तीच उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली, तर प्लास्टिक करपते आणि आग लागण्याचा धोका संभवतो.

अशा वेळी एमसीबी वीज बंद करील, असे पुष्कळांस वाटते. तो समज चुकीचा आहे. एमसीबीला प्रवाह वाजवीपेक्षा अधिक झाला एवढेच कळते. येथे प्रवाह केवळ ८ अँपिअर आहे. सैल जोडामुळे तर तो किंचित घटलाच आहे. त्याच वाटेवर तशीच दुसरी शेगडी लावली, तर प्रवाह सुमारे १५ अँपिअर होईल. १६ अँपिअरची एमसीबी तरीही स्वस्थ राहील. जोडातील उष्णता मात्र दुपटीने नव्हे, तर साडेतीन पटींनी वाढून ३२६ वॅटच्या आसपास जाईल. याचे कारण जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे: उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हाच नियम मुनिरक्याच्या भूमीखालीही पाळला जातो. तेथील भुयारी स्थानकातून २०१८ पासून दिल्ली मेट्रोच्या गाड्या धावतात. त्यांना २५,००० व्होल्ट दाबाची वीज पुरविली जाते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टवर. पुढे तेथील उपनगरी मार्गही टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टवर आणले गेले आणि २०१६ साली ते काम पुरे झाले. शक्ती तेवढीच हवी असेल, तर दाब सुमारे १७ पट वाढविल्यावर प्रवाह सतराव्या हिश्शाएवढाच पुरतो. आणि तेवढ्याच रोधाच्या तारेत वाया जाणारी उष्णता सुमारे २७८ पटींनी घटते.

घरातील विजेची मापे जाणत्या तंत्रज्ञाकडूनच घ्यावीत. शाळेत मात्र १.५ व्होल्टचा एक घट व विजेरीचा लहान दिवा घेऊन हा प्रयोग निर्धास्तपणे करता येईल. दिव्याच्या टोकांमधील दाब १.५ व्होल्ट व प्रवाह ०.३ अँपिअर भरला, तर त्याचा रोध ५ ओहम आणि शक्ती ०.४५ वॅट. मग मुद्दाम एक जोड सैल ठेवून त्याच्या दोन बाजूंमधील दाब मोजावा. चांगल्या जोडावर व्होल्टमापकाचा काटा जवळजवळ शून्यावर राहतो. सैल जोडावर तो हलतो. शेगडीचा प्लग जेव्हा ऊन लागतो, तेव्हा तो हाच काटा हललेला आहे, असे समजावे. शेगडी बंद करावी आणि तो जोड दुरुस्त झाल्याखेरीज ती पुन्हा लावू नये.