पहिल्या वासाला भुलू नका

वर्ध्यात नवतपा लागला की पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुकानांत ‘फ्रेश’, ‘फ्लोरल’ बाटल्या पुढे येतात. एसीत उभं राहून कागदाच्या पट्टीवरचा फवारा हुंगायचा, आवडला की पैसे मोजायचे. बाहेर उन्हात येईस्तोवर तो वास निम्मा उडालेला असतो. यात दुकानदाराची लबाडी नाही.

सुगंधी द्रव्यं एका वेगाने उडत नाहीत. हलकी आधी जातात, जड रेंगाळतात. परफ्युम करणारे याच हिशेबाने थर रचतात. कारंजा-आष्टीकडचं संत्रं सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो, डोळ्यात गेला तर झोंबतो, त्यात मुख्यतः लिमोनिन असतं. वरचा थर बहुधा अशाच लिंबूवर्गीय तेलांचा. नाकाला तरतरी देतो आणि काही मिनिटांत जातो. आपल्या उन्हात त्याहून लवकर.

मग फूल उमलतं. मोगऱ्याची मिटलेली कळी खुडल्यावरही संध्याकाळी उमलते आणि तेव्हा खरी घमघमते; गजरा कळ्यांचा करतात तो म्हणूनच. तिच्या वासात लिनालूलचा ताजेपणा असतो, बेंझिल अ‍ॅसिटेटचा गोडवा असतो आणि किंचित इंडोल. हे इंडोल एकटं, घट्ट हुंगलं तर नाक मुरडावं लागेल. पण तेवढ्या कणभरानेच फुलात जीव येतो. ‘फ्रेश’ म्हणवणाऱ्या बाटल्यांत बरेचदा ते अगदीच कमी ठेवतात. मग मोगरा धुऊन वाळत घातल्यासारखा लागतो. मला तरी तो अळणी वाटतो.

सगळ्यात शेवटी उरतो तो तळ. वाळ्याची ताटी लावलेला कूलर ज्यांच्या घरी आहे त्यांना तो सांगायला नको. वाळ्याच्या तेलातली द्रव्यं जड, सावकाश उडणारी. उन्हाळी सुगंधाला तीच धरून ठेवतात. कनौजला देग-भपक्यात फुलांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवतात, तेही याच कारणाने. अशा अत्तरात अल्कोहोल नसतं, त्यामुळे पहिला भपकारा नाही, पण टिकाव दांडगा.

तेव्हा फवारा मनगटावर घ्या, तासभर बाजारात फिरा, मग हुंगा. आवडला तरच घ्या. घामाच्या अंगापेक्षा सुती कपड्याच्या आतल्या बाजूला तो जास्त टिकतो. पांढऱ्यावर मात्र डाग पडू शकतो. आणि बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. उष्णतेने आणि हवेने लिमोनिन बिघडतं, वास उग्र होतो.