संगणकाचे बिऱ्हाड

नागपूरच्या धरमपेठेत बाहेरगावची पुष्कळ मुले शिकण्यासाठी येऊन राहतात. खोली मिळाली की ती आईने बांधून दिलेले सामान उलगडतात. शेगडी, दोन पातेली, पोळपाट, लाटणे, तिखटमिठाचा डबा, दोन ताटे. यांतले काय द्यावयाचे आणि काय घरीच ठेवावयाचे हे मुलाने ठरविलेले नसते, आईने ठरविलेले असते. आणि तरी पुढे कितीतरी महिने त्याचा स्वयंपाक त्या निवडीवरच चालतो. काही राहून गेलेच, तर गोकुळपेठेचा बाजार जवळ आहे. परंतु काय राहिले आहे हे तरी आधी कळावयास हवे!

मुलांनो, संगणकाचेही असेच बिऱ्हाड असते. नवा संगणक सुरू करताच त्यात पत्र लिहिण्याची, चित्रे काढण्याची, गाणी ऐकण्याची साधने आयती भरलेली दिसतात. ती कोणी भरली आणि कोणत्या विचाराने भरली, असा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. माझ्याही मनात तो आला नव्हता. तो आला तो एका फजितीमुळे.

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेला दहा जुने संगणक देणगीदाखल मिळाले. त्यांची मेमरी तोकडी होती, म्हणून त्यांवर लिनक्स बसवावे असे ठरले. लिनक्स विकत घ्यावे लागत नाही. ते कोणालाही वापरता येते, त्याची प्रत शेजाऱ्याला देता येते, जाणत्याला त्यात बदलही करता येतो. जुन्या यंत्रांवर भार पडू नये, म्हणून मी आणि आमचे संगणकशिक्षक यांनी अगदी मोजके सामान घ्यावयाचे ठरविले. गणिताच्या शिक्षकांनी जिओजेब्रा मागितले, चित्रकलेच्या बाईंनी टक्स पेंट मागितले, ते दिले. बाकीचे मी निर्दयपणे वगळले आणि आपल्या काटकसरीवर खूश झालो.

पहिल्याच तासाला सातवीतल्या एका मुलीने शाळेचे मराठी परिपत्रक पडद्यावर उघडले आणि मला हाक मारली, "सर, यातली अक्षरे कुठे गेली? इथे तर नुसते चौकोनच आहेत."

खरोखरच पडद्यावर रिकाम्या चौकोनांच्या रांगा उभ्या होत्या. अक्षरे नष्ट झाली नव्हती. प्रत्येक अक्षराचा ठरलेला क्रमांक संगणकापाशी होता. पण त्या क्रमांकाचे चित्र कसे काढावयाचे, हे सांगणारा देवनागरी फाँट त्याच्यापाशी नव्हता. फाँट म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने यादी केली आणि त्या यादीतून मराठीच गळाली! रेड हॅट या कंपनीने सर्वांना मोकळेपणाने वापरण्यास दिलेला 'लोहित' नावाचा फाँट आम्ही बसविला, तेव्हा दोन मिनिटांत चौकोनांची अक्षरे झाली. त्या मुलीला मोठी मौज वाटली. मला मात्र यादी करणे ही गोष्ट त्या दिवसापासून सोपी वाटेनाशी झाली.

लिनक्स हा खरे पाहता संगणकाच्या कार्यप्रणालीचा केवळ गाभा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली तो लोकांपुढे ठेवला. हा गाभा यंत्राचे निरनिराळे भाग एकमेकांशी जुळवून चालवितो. परंतु नुसत्या गाभ्याच्या साहाय्याने तुम्हांला एक ओळही लिहिता येणार नाही. चूल पेटली म्हणजे स्वयंपाक झाला, असे थोडेच असते? म्हणून गाभ्याभोवती हजारो आज्ञावल्या गोळा करून, त्या एकमेकींशी जुळतात की नाही हे तपासून, सगळा संच लोकांच्या हाती देण्याचे काम काही मंडळींनी अंगावर घेतले. अशा संचाला वितरण म्हणतात. इयन मर्डॉक याने ऑगस्ट १९९३ मध्ये 'डेबियन' या वितरणाची घोषणा केली. डेब्रा हे त्याच्या मैत्रिणीचे नाव आणि इयन हे स्वतःचे, या दोहोंच्या जोडणीतून 'डेबियन' हा शब्द झाला. आज जगभरचे स्वयंसेवक ते चालवितात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीच्या कोठारात ६९,००० हून अधिक पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे एखाद्या आज्ञावलीचे नीट बांधलेले पुडके. त्यावर आत काय आहे आणि ते चालण्यास आणखी कशाकशाची गरज आहे, हे लिहिलेले असते.

एवढे सगळे प्रत्येकाच्या यंत्रात भरणे म्हणजे गोकुळपेठेचा अवघा बाजार एका खोलीत आणून ओतणे होय. निवड करावीच लागते. ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच आधाराने 'उबुंटू' हे वितरण निघाले, तेव्हा सगळे सामान एका सीडीत मावले पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता. सीडीत जेमतेम ७०० मेगाबाइट मावतात. म्हणून एका कामाला एकच साधन, असा त्यांनी दंडक घातला. पुढे एप्रिल २०१० च्या आवृत्तीतून त्यांनी 'गिंप' हे चित्रे व छायाचित्रे सुधारण्याचे मोठे साधन आयत्या सामानातून काढले. सामान्य माणसाला फोटोची कड कातरावयाची असते. तेवढ्यासाठी सुताराची सगळी पेटी कशाला, असा त्यांचा विचार. पुष्कळांना तो रुचला नाही. पण गिंप काही नाहीसे झाले नव्हते. ते कोठारात होतेच, ज्याला हवे त्याने मागून घ्यावे. सीडी मागे पडल्या, तरी निवडीचा हा प्रश्न मागे पडलेला नाही.

मग लोकांना काय हवे, हे लोकांनाच का विचारू नये? डेबियनने तसेही केले. 'पॉपकॉन' नावाची एक लहानशी आज्ञावली आहे. ज्याची इच्छा असेल त्याच्या यंत्रातून ती दर आठवड्याला कोणती पॅकेजे आहेत व कोणती वापरात आहेत याची नोंद पाठविते. त्यावरून कशाला किती मागणी आहे हे दिसते. कल्पना चांगली, पण तिच्यात एक उणीव आहे. जो नोंद पाठवितो तोच मोजला जातो. इंग्रजी लिहिणारे कोट्यवधी आणि मराठी फाँट मागणारे त्यांच्या मानाने थोडे. नुसती डोकी मोजली तर मराठी नेहमीच यादीच्या तळाशी राहील. हात थोडे वर आले म्हणून गरज थोडी, असे म्हणता येत नाही. या कामी कोणीतरी मुद्दाम लक्ष घालावे लागते. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही शासकीय संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेले 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स', म्हणजेच 'बॉस', हे वितरण काढले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आरंभापासूनच भरलेली आहे, आणि शाळांसाठी 'एड्युबॉस' असा त्याचा निराळा संचही आहे.

बिऱ्हाड एकदा मांडले म्हणजे झाले, असे मात्र नाही. नळ गळू लागतो, कुलूप सैल होते. आज्ञावलीतही चुका निघतात, आणि त्या चुकांच्या फटीतून चोर आत शिरू शकतो. त्या फटी बुजविण्यासाठी जे नवे पॅकेज येते, त्याला अपडेट म्हणतात.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. पुरणपोळी करावयाची तर पुरण हवे, पुरणाला डाळ व गूळ हवा, आणि वर तूप हवे. तुपाचा डबा मात्र घरात एकच. वरणालाही तेच तूप, शिऱ्यालाही तेच. लिनक्सच्या वितरणात पुष्कळ आज्ञावल्या अशाच एका सामाईक डब्यातून घेतात. त्यामुळे तूप बिघडले, तर एक डबा बदलला की सगळ्यांचे काम होते. हा मोठा फायदा. पण नव्या डब्यातले तूप एखाद्या पदार्थाला मानवले नाही, तर तो पदार्थ फसतो. हा तोटा. पाठविणाऱ्यांची सारी चिंता या दोहोंमधली आहे.

डेबियनच्या 'स्टेबल', म्हणजे स्थिर, आवृत्तीत म्हणूनच एक जुनी रीत पाळतात. फट सापडली की नवा सदरा शिवून पाठवावयाचा नाही. जुन्याच सदऱ्याला तेवढ्यापुरते रफू करावयाचे. आज्ञावलीची नवी आवृत्ती न घेता तिच्यातली दुरुस्ती तेवढी काढून जुनीत बसवावयाची. ही रीत मला आवडते. वापरणाऱ्याला काही हाललेले जाणवत नाही. पण रफू करणाराही माणूसच. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या पॅकेजात तपासनीस आज्ञावलीने तक्रार केली म्हणून थोडा मजकूर काढून टाकला गेला. गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी जो अंदाज न येणारा आकडा लागतो, तो त्याच मजकुरातून येत होता! त्यानंतर तयार झालेल्या एकेका प्रकारच्या किल्ल्या सुमारे ३२ हजार शक्यतांतल्याच निघू लागल्या. माणसाला हा आकडा मोठा वाटेल. संगणकाला तेवढ्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहणे मुळीच अवघड नाही. ही चूक मे २००८ मध्ये उघडकीला आली आणि जगभर असंख्य किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

अपडेट वाटेत कोणी बदलू नये, म्हणून कोठाराच्या यादीवर गणिती मोहोर असते. पूर्वी पत्रावर लाखेची मोहोर करीत, तशीच. मोहोर जुळली नाही तर संगणक ते सामान घेण्यास नकार देतो. परंतु ते कोणी पाठविले एवढेच मोहोर सांगते. पाठविणाऱ्याच्या मनात काय आहे, हे ती कशी सांगणार? एक्सझेड नावाचे सामान दाबून लहान करणारे एक साधन आहे. त्याच्या कामात एका अनोळखी व्यक्तीने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ मदत केली, विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी त्यात एक चोरदरवाजा ठेवून दिला. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता आपल्या यंत्राचा वेग मोजत होता. दूरच्या संगणकात शिरण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्याला खटकले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्याने छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. तोवर ते सामान डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोहोचले होते. स्थिर आवृत्तीत नव्हते. ज्यांना नवे ते आधी हवे होते, त्यांच्या दारी ते प्रथम गेले.

म्हणजे अपडेट घेऊच नये का? तसेही मी करून पाहिले आहे. आमच्या शाळेत प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी मी उत्साहाच्या भरात दहाही संगणकांवर एकाच वेळी अपडेट सुरू केले, आणि मध्येच वीज गेली. पुडकी अर्धी सुटलेली, अर्धी बांधलेली. वीज आल्यावर, राहिलेली मांडणी पुरी करण्याची आज्ञा दिली, तेव्हा सात संगणक शुद्धीवर आले. तीन आलेच नाहीत. मुलांना पाळ्या लावून परीक्षा द्यावी लागली. दोष सर्वस्वी माझा होता. पण त्याची मला अशी धास्ती बसली की, पुढची दोन वर्षे मी अपडेटला हातच लावला नाही. एके दिवशी त्या मुलीच्या धाकट्या भावाने एक शब्दकोश मागितला. तो आणावयास गेलो, तर कोठाराचा जुना पत्ताच बंद! आम्ही घेतलेल्या आवृत्तीची मुदत केव्हाच संपली होती, आणि तिच्यासाठी दुरुस्त्या करणे मंडळींनी थांबविले होते. दोन वर्षे आमची दारे उघडी होती, आणि मी मात्र सारे सुरक्षित आहे अशा समजुतीत होतो.

आवृत्ती निवडताना तिचा चेहरा पाहण्याआधी मुदत पाहावी, हे मला तेव्हा उमगले. उबुंटूची सर्वसाधारण आवृत्ती आज केवळ नऊ महिने सांभाळली जाते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. शाळेला दुसरीच बरी. आम्ही सर्व यंत्रांवर नव्याने मांडामांड केली. या खेपेस यादी मी एकट्याने केली नाही. ती आठ दिवस प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावून ठेवली आणि ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावे असे सांगितले. देवनागरी फाँट पहिल्याच ओळीवर आला. ग्रंथपालबाईंनी शब्दकोश लिहिला, शिपाईकाकांनी मोठी अक्षरे दिसण्याची सोय लिहिली.

निवृत्तीनंतरही मी अधूनमधून तेथे जातो. शनिवारी शाळा सुटली की दाराजवळच्या एका संगणकावर अपडेट होते. आधी मुलांच्या कामाच्या प्रती निराळ्या ठेवतात, विजेची पर्यायी सोय जोडतात. मग एक मुलगा त्या यंत्रावर मराठीत चार ओळी लिहितो, छापून पाहतो, जिओजेब्रात एक वर्तुळ काढतो. सोमवारी दिवसभर मुले तो संगणक वापरतात. काही बिघडले नाही, तर संध्याकाळी उरलेल्या नऊ यंत्रांची पाळी येते.