वाजवणाऱ्याचे नाव कुठे आहे?

लग्नसराई लागली की धायरी फाट्याकडून वराती निघतात. पुढे बत्त्या, मागे घोड्यावर नवरदेव आणि मध्ये बँड. डीजेच्या भिंतींनी बँडवाल्यांच्या पोटावर पाय दिला आहे हे खरे, तरी ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट अजून पुरते हद्दपार झालेले नाहीत. अंगाला न बसणारा तो लाल-सोनेरी गणवेश घालून वाजवणारे कोण असतात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. गावगाड्याने हलगी, डफ, सनई ज्यांच्या गळ्यात अडकवली, त्या मातंग, होलार, महार घरांतलीच कितीतरी पोरे पुढे बँडमध्ये गेली. धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत आली, गावाचे शहर झाले. पण वरातीत नाचायचे कोणी आणि वाजवायचे कोणी, ही वाटणी काही महापालिकेने बदललेली नाही.

हाच ट्रम्पेट हातात घेऊन अमेरिकेतल्या काळ्या माणसाने जगाचे संगीत बदलले. त्याला जाझ म्हणतात. आपल्याकडे जाझ म्हटले की पंचतारांकित हॉटेल आणि इंग्रजी बोलणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. म्हणून आमच्या वाचकांना हा विषय परका वाटेल. पण तो परका नाही.

न्यू ऑर्लिन्स शहरात काँगो स्क्वेअर नावाचे मैदान आहे. गुलामगिरीच्या काळात रविवारी तिथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम जमत, ढोल वाजवत, नाचत. ते मैदान ज्या ट्रेमे वस्तीत आहे, ती काळ्यांची जुनी वस्ती. पुढे गुलामगिरी संपली, पण हाल संपले नाहीत. लष्करी बँडची पितळी वाद्ये या वस्त्यांतल्या लोकांच्या हाती आली आणि मिरवणुकीत, मयतीत वाजू लागली. मयतीला वाजवणे! आपल्या वाचकांना यात काही ओळखीचे सापडेल. १९०१ साली याच शहरात जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग पोरवयात सुधारगृहात पाठवला गेला आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट शिकला. काळ्यांच्या वस्तीतून निघालेले हे संगीत न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोहोचले तेव्हा गोऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. संगीताला घेतले, माणसाला नव्हे. १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा ताफा ज्या कॉटन क्लबात गाजला, तो क्लब काळ्यांच्याच वस्तीत होता. मंचावर सगळे काळे, समोर मात्र गोरे गिऱ्हाईक. काळ्या माणसाने तिकीट काढून आत बसायचे नाही. देवळाबाहेर सनई वाजवायची आणि पायरी चढायची नाही, हा न्याय आम्हाला कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मुंबईकडे या. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या काळ्या व्हायोलिनवादकाचा ताफा आला. मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. स्वतःच्या देशात ज्यांना पुढच्या दाराने येऊ देत नसत, त्यांना ताजच्या मंचावर मान मिळाला. आणि त्याच १९३५ सालच्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. अमेरिकेतल्या अस्पृश्याला या देशात टाळ्या मिळत होत्या, आणि या देशातल्या अस्पृश्याला धर्म सोडण्याची भाषा करावी लागत होती. या देशाचा दुटोंडेपणा इतका उघडा क्वचितच पडला असेल!

या वादकांकडून जाझ उचलला तो गोव्याच्या मंडळींनी. त्यांची वस्ती धोबीतलाव. नावच बघा, धोब्यांच्या तलावावरून पडलेले. तिथे गोव्याच्या एकेका गावाचे 'कूड' असत, म्हणजे त्या गावच्या लोकांसाठी स्वस्तात राहण्याच्या खोल्या. जहाजावर जाणारा खलाशी, आचारी आणि वादक एकाच खोलीत पेट्या ठेवून राहत. चर्चच्या शाळांत ही पोरे पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवत. (धर्म बदलला तरी गोव्यात जात सुटली नव्हती, चर्चच्या मंडळांतही जातीच्या भिंती होत्या, हेही इथे नोंदवले पाहिजे.) हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले, त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, असे या वादकांचे आयुष्य. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांचा धंदा आटला, तशी त्यांची भिस्त सिनेमावर अधिक आली.

संगीतकार चाल गुणगुणत असे. ती ऐकून व्हायोलिनने काय वाजवायचे, ट्रम्पेटने कुठे शिरायचे, हे सगळे कागदावर उतरवणारे हे लोक. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी संगीत दिलेल्या १९५१ च्या 'अलबेला'त जो झगमगाट ऐकू येतो, त्यात चिक चॉकलेट यांचा वाटा मोठा. तिथे ते ताफ्यासह पडद्यावरही दिसतात, पण अशी भाग्ये थोड्यांची. बाकी शेकडो वादकांची नावे ना पडद्यावर आली, ना तबकडीवर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ साली शिष्याने आदराने त्यांचे नाव एका गाण्यात घातले. सारा देश ते नाव घेऊन नाचला, पण असा माणूस खरोखर आहे हे किती जणांना ठाऊक होते? ते २०१२ साली वारले. त्याच वर्षी नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' आले आणि या पिढीची हकिकत पुस्तकात आली.

यावर आमच्या चळवळीत एक जुना वाद आहे. बाबासाहेबांच्या हाकेनंतर अनेक गावांत आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली, त्यात वाजवण्याचे कामही टाकले. ते योग्यच झाले. बिनमोल वाजवणे ही कला नव्हती, वेठ होती. पण वाद्यच अपवित्र मानून त्याला हात लावायचा नाही, असे म्हणणारेही निघाले. ते आम्हाला पटत नाही. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात विचार भरला. ढोलकी तीच, पण पाटलाच्या वाड्यापुढची नव्हे. काळ्यांनी ट्रम्पेट फेकला नाही, त्याचा मालक बदलला. २०१७ साली चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे राहिले, तिथे मयतीचा म्हणून हिणवला गेलेला पराई रॅपच्या जोडीने ताठ मानेने वाजला. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या राष्ट्रसंघाकडील अर्जाची चौकशी केली, १९७२ साली आमच्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून संघटनेचे नाव घेतले. राजकारणात हे नाते आम्ही जोडले, संगीतात मात्र ते अजून नीट पाहिलेले नाही.

आणि नावाचा प्रश्न आमच्याही घरात आहे. वामनदादा आम्हाला पाठ आहेत, प्रल्हाद शिंदे पाठ आहेत. जलशांचे जुने फोटो वस्त्यावस्त्यांत फ्रेम करून लावलेले असतात. गायकाचे नाव खाली लिहिलेले असते. त्याच्या डाव्या बाजूला मांडीवर ढोलकी घेऊन बसलेला माणूस कोण, हे त्या घरातल्या म्हाताऱ्यांना आज विचारता येते.