जंगलातील डोंगरी वाट आणि जीपगाडी

कुळे गावाहून दूधसागर धबधब्याकडे जाणारी मातीची वाट सुमारे दहा-बारा किलोमीटर लांबीची आहे. पावसाळा सरून पाणी ओसरले की प्रवाशांना घेऊन गावातील जीपगाड्या या वाटेला लागतात. परिसरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या हंगामावर अवलंबून असतो. वाट फार बिकट नव्हे. तथापि ती डांबरी नाही, ठिकठिकाणी दगड व मुळे उघडी पडलेली आहेत आणि ओहोळ ओलांडावे लागतात. डांबरी रस्त्यावरील सवयी येथे उपयोगी पडत नाहीत. अशा वाटेवर गाडी संथ का चालवावी, याची कारणे चालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जीपगाडीत नेहमीच्या गिअरखेरीज चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरविणारी निराळी योजना असते. तिच्या खालच्या टप्प्यात वेग कमी होतो व चाकांचा जोर वाढतो. चढ सुरू होण्यापूर्वीच हा टप्पा घ्यावा. चढाच्या मध्यावर गिअर बदलू गेल्यास गाडीची गती तुटते. उतारावरही हाच टप्पा ठेवावा, कारण तेव्हा इंजिनच चाकांना आवरून धरते. क्लच दाबताच ही पकड सुटते. सतत ब्रेक दाबल्यास ते तापून निकामी होऊ लागतात. शिवाय जखडलेले चाक सुट्या खड्यांवरून घसरते व गाडी वळविली तरी वळत नाही. चढ-उतारावर गाडी सरळ ठेवावी. आडवी झाल्यास ती कलंडण्याचे भय असते. चढावर गाडी बंद पडली, तर ब्रेक धरून मागचा गिअर घालावा व सरळ मागे यावे. गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढण्याचा मोह होतो. परंतु आसावरील डिफरन्शिअलचा गोळा बराच खाली असल्याने तो दगडावर आदळतो. त्यापेक्षा चाक दगडावरून हळूहळू चढवावे. स्टिअरिंगच्या कड्याच्या आत अंगठे अडकवू नयेत; चाकाला धक्का बसताच कडे झटक्याने फिरते व अंगठा दुखावतो.

खरी कसोटी ओहोळापाशी लागते. काल उथळ असलेल्या जागी आज खड्डा पडलेला असू शकतो. म्हणून प्रथम थांबून काठीने तळ चाचपावा. घाटमाथ्यावर पाऊस झाल्यास येथे ऊन असतानाही पाणी चढते. वाहत्या पाण्याची खोली साठ सेंटिमीटर झाली, तर बहुतेक गाड्या वाहून जाऊ शकतात. पाणी ओढीचे किंवा गढूळ दिसल्यास परत फिरावे. ओलांडताना चालत्या माणसाच्या वेगाने, मध्येच गिअर न बदलता जावे. वेगाने घुसल्यास पाणी उसळून हवेच्या नळीवाटे इंजिनात शिरते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे दट्ट्या अडतो व त्याचा दांडा वाकतो. यास्तव पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, ती ओढून बाहेर काढावी. पैलतीरी गेल्यावर ब्रेक हलकेच दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ते कोरडे होतात.

ही वाट ज्या वनातून जाते त्यास १९६९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि १९७८ मध्ये त्यातील १०७ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तेथील प्रवेशावर निर्बंध आहेत. खड्डा टाळण्यासाठी एक गाडी वाटेबाहेर गेली की मागच्या गाड्या तिच्याच चाकोरीने जातात. रोपे चिरडतात, माती दबते, आणि पुढच्या पावसात त्या चाकोरीचा ओघळ होऊन माती ओहोळात उतरते. गवा आडवा आल्यास भोंगा न वाजविता थांबावे व त्यास वाट द्यावी.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आसनांपेक्षा अधिक मुले बसवू देऊ नयेत. वरचा भार वाढला की गाडी लवकर कलंडते. ओहोळापाशी चालकाने परत फिरण्याचे ठरविल्यास प्रवाशांनी त्यास आग्रह करू नये. फेरी बुडाल्याचे नुकसान दुसऱ्या दिवशी भरून निघते.